चंद्रकलाबाईंची संमती

दारात खाकी गणवेशातली एक बाई येऊन उभी राहिली, तेव्हा शुभदा वैरागडे फळ्यावर तिसरा चौकोन काढत होती.

धामणखेडच्या कॉलेजात 'नीतिशास्त्राची ओळख' हा विषय अकरा मुलांनी घेतला होता. त्यातली सात दुसऱ्या विषयांच्या जागा भरल्या म्हणून इकडे आली होती, हे शुभदाला ठाऊक होतं. मे महिन्यात वर्ग सकाळी साडेसहाला भरत. नऊनंतर उन्हात कुणी फिरू नये, असा जिल्ह्याचा नियमच झाला होता.

पहिल्या चौकोनात तिनं 'परिणाम' असं लिहिलं होतं. काम चांगलं की वाईट हे त्यातून काय निपजलं त्यावरून ठरवायचं. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. हा उपयुक्ततावाद. दुसऱ्या चौकोनात 'कर्तव्य'. परिणाम काहीही होवो, काही गोष्टी करायच्याच नाहीत. माणसाला वस्तूसारखं वापरायचं नाही, त्याचं असेल ते त्याच्या संमतीशिवाय घ्यायचं नाही. तिसऱ्यात ती 'शील' लिहीत होती.

"इथे प्रश्नच वेगळा आहे," ती म्हणाली. "काय करावं हा नाही, तर कसं माणूस व्हावं हा. सद्गुण अंगी मुरला की माणूस नियम बघत बसत नाही."

"मॅडम, पेपरात तिन्ही लिहिले त पैकीच्या पैकी का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"तिन्ही लिहून शेवटी तू स्वतः काय करशील ते लिहिलंस, तर विचार करीन."

वर्ग हसला. दारातली बाई हसली नाही.

"वैरागडे मॅडम तुम्हीच ना? मूल्यनोंदीवाल्या?" तिनं विचारलं. "मी रजनी लोणारे. कंडक्टर आहे. पावणेआठची गाडी आहे माही, तवा लवकर बोला."

स्टाफरूममध्ये रजनीनं खांद्यावरची पिशवी न उतरवता एक छापील कागद टेबलावर ठेवला. वर तिच्या आईचं नाव होतं : चंद्रकला लोणारे, वय एकाहत्तर, मुक्काम कोरंबी. त्याखाली तारीख, अकरा मे. दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी मनगटपट्ट्यावरून मागणी. दोन अकराला गाडी वळवली. शेवटच्या ओळीत 'प्राधान्य सोडण्यास संमती : व्यक्तीने स्वतः दिलेली' असं लिहिलेलं होतं.

"माह्या मायनं हे कवा देलं?" रजनीनं विचारलं. "कोणाले देलं? सही नाही, अंगठा नाही."

शुभदानं कागद दोनदा वाचला. संमती कुणाला दिली, हे तिला पहिल्याच वाचनात कळलं होतं.

*

विदर्भाला ऊन नवं नाही. पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांत माणसं पिढ्यान्पिढ्या जगली, ती घामाच्या आणि कूलरच्या जोरावर. दोघांचं काम एकाच तत्त्वावर चालतं. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. घाम अंगावर वाळतो, कूलरचं पाणी वाळ्याच्या ताट्यांवर. पण गेली काही वर्षं तापलेल्या बंगालच्या उपसागरावरून मेमध्येच दमट वारे आत येऊ लागले होते. हवाच पाण्यानं भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. कूलर खोलीत आणखी दमटपणा सोडत राहतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं ते बत्तीसच्या पुढे गेलं, की सावलीत बसलेलं माणूससुद्धा आतून तापायला लागतं. अंगातली उष्णता चाळिसाच्या वर गेली की मेंदू बिघडतो. अर्ध्या तासात ती एकोणचाळिसाखाली आणली, तर बहुतेक माणसं वाचतात.

त्यासाठी गारव्याच्या गाड्या होत्या. मागे माणूस मावेल एवढं टाकं, त्यात फिरतं बर्फाळ पाणी. तालुक्यातली गावं चौऱ्याण्णव आणि गाड्या तीन. कुणाच्या अंगाची उष्णता मोजणाऱ्या मनगटपट्ट्यानं मागणी केली की कोणती गाडी कुठं जाईल, हे 'तारतम्य' नावाची प्रणाली ठरवायची. माणसाला ठरवायला जी मिनिटं लागतात तेवढ्यात माणूस जातो, म्हणून. गाडी पोचली तर वाचण्याची शक्यता किती आणि नाही पोचली तर किती, यातला फरक ती मोजायची आणि जिथे फरक मोठा तिथे गाडी पाठवायची.

प्रश्न एवढाच होता, की वाचवायचं म्हणजे काय वाचवायचं. माणसं मोजायची, की माणसांची उरलेली वर्षं? वर्षं मोजली तर चोविसाव्या वर्षाचा माणूस एकाहत्तराव्या वर्षाच्या माणसाला दर वेळी हरवतो.

हा निर्णय इंजिनियरांनी घेऊ नये, लोकांना विचारावा, असा कायदा होता. त्या विचारण्याला मूल्यनोंद म्हणत. दोन वर्षांपूर्वी धामणखेडची नोंद करायला शुभदाला नेमलं, तेव्हा समितीत ती एका कलमासाठी तीन बैठका भांडली होती. प्रत्येक जीव एकच धरायचा. वय मोजायचं नाही. कुणी स्वतःच्या तोंडानं 'माझ्याआधी तरुणांना द्या' म्हटलं, तरच त्या माणसापुरतं मोजायचं. दुसऱ्या चौकोनातलं तत्त्व तिनं यंत्रात उतरवलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तिनं स्वतःसाठी श्रीखंड आणलं होतं.

मग ती गावोगाव गेली. एकेकाला घरात बोलवून विचारायचं असं पुस्तिकेत लिहिलं होतं, पण कोरंबीत पहिल्याच दिवशी सरपंच म्हणाले, "असं दार लावून इचारलं त लोक म्हणतीन, पेन्शन कापाले आल्या. सर्वाइले देवळापाशी बसवू. चहा ठेवू." तिला ते मोकळं, लोकशाहीला धरून वाटलं. चौऱ्याण्णव गावांत तसंच केलं. साठीपुढच्या शंभरातल्या त्र्याण्णवांनी हसत हसत संमती दिली होती, आणि अहवालात तिनं लिहिलं होतं, 'या तालुक्यातील वृद्धांची परोपकारबुद्धी उल्लेखनीय आहे.'

*

"आवाजाची नोंद असेल," शुभदा रजनीला म्हणाली. "ऐकायची आहे?"

"त आली कायले?"

लॅपटॉपमधून आधी भांड्यांचा आवाज आला, मग शुभदाचा स्वतःचा, शिकवतानाचा : "लोणारे आजी, एकच गाडी आहे. एकीकडे तुम्ही, एकीकडे तरणा मुलगा. आधी कुणाला?"

आणि चंद्रकलाबाईंचा हसरा, खणखणीत आवाज : "आता आमचं काय बाप्पा, पिकलं पान. आधी लेकरायले द्या. तुमी चहा घ्या ना वो मॅडम, थंडा होऊन राह्यला."

मागे बायका हसल्या. कुणी तरी म्हणालं, "माहंबी तेच लिवा."

रजनीनं डोळे मिटून घेतले होते. ती रडेल असं शुभदाला वाटलं. ती रडली नाही.

"मॅडम, घरी पाहुणा आला की माही माय म्हणे, माहं जेवण झालं. भाकरी कमी असली की म्हणे, मले भूकच नाही. कवाच जेवलेली नसे." तिनं पिशवीचा पट्टा घट्ट धरला. "तुमाले जर म्हणाली असती, माहं जेवण झालं, त तुमी तेबी लिहून घेतलं असतं का?"

शुभदानं लॅपटॉप मिटला.

"गाडी आमच्या फाट्यावर होती. नऊ मिनिटांत दारात असती. मंग वळली. वीटभट्टीवरच्या पोराले नेलं. माय गेली. तो वाचला. वाचला ते बरं झालं, त्याच्यावर माहा राग नाही." ती उठली. "अजून किती जणायचं जेवण झालं हाय तुमच्या कागदात?"

पावणेआठच्या गाडीला उशीर नको, म्हणून ती उत्तराची वाट न पाहता गेली.

*

निखिल गेडाम तहसीलच्या वरच्या मजल्यावर तारतम्य सांभाळायचा. एकेकाळी तो शुभदाच्याच वर्गात होता, मग गणिताकडे गेला. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं पडद्यावर काही आकडे भरले.

"नोंद सदोष आहे असं नोंदकर्त्यानं लिहून दिलं तर ती रद्द होते," तो म्हणाला. "पण अर्धी होत नाही मॅडम. सगळी एकाच पद्धतीनं घेतलेली, त सगळीच जाते. नवी घ्यायला सहा आठवडे."

"मग रद्द होईल."

"शुक्रवारी लाट येऊन राहिली. चार दिवसांची. आज सोमवार." त्यानं दोन आलेख शेजारी शेजारी लावले. "मी चालवून पाहिलं. नोंद असताना आणि नसताना. मरणारे जवळपास सारखेच, उलट नोंद नसली तर एखादा कमीच. पण कोण मरणार, ते बदलतं. नोंद काढली तर चाळिशीच्या आतली नऊ माणसं जास्त जातात. तेंदूपत्त्याचा हंगाम आहे, सगळी रानात आहेत. नऊ, मॅडम. लहान लेकरांच्या आया असतील त्यात."

"आणि म्हातारी दहा कमी जातात."

"हो."

"निखिल, त्यांनी होकार दिलेलाच नव्हता."

"हे तुम्हाला कसं माहीत? एका बाईच्या मुलीनं सांगितलं म्हणून? काहींनी मनापासून दिला असेल. तुम्हीच वर्गात सांगायच्या ना, दुसऱ्याच्या शब्दाचा मान म्हणजे त्याचा मान."

तो उर्मटपणे बोलत नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

*

मंगळवारी आणि बुधवारी पहाटे उठून शुभदा तीन गावं फिरली. या वेळी पुस्तिकेप्रमाणे. एकेका घरी, एकेकाला, दुसरं कुणी नसताना. तेवीस जणांना गाठता आलं.

डोमाजी किन्नाके अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी तिचा प्रश्न ऐकला, बाहेर अंगणात सून भांडी घासत होती तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "दार लोटा जरा."

तिनं दार लोटलं.

"मले जगाचं हाय जी," ते हळू म्हणाले, एखादी चोरी कबूल करावी तसे. "बायको गेली तवापासून मी बासरी शिकून राह्यलो. आता कुठं सूर लागते. हसू नका."

"मी हसत नाहीये."

"तवा सर्वे बसले होते. नातू समोर होता माहा. त्याच्यासमोर मी काय म्हणू, की आधी मले? असं कोणी म्हणते का?" त्यांनी खालचा आवाज आणखी खाली नेला. "हे सुनेले समजू देऊ नका."

पुढच्या गल्लीत यमुनाबाई बावणे होत्या. त्यांनी दार लावूच दिलं नाही.

"कायले लावता? मी तवा जे म्हटलं तेच आताबी म्हणतो. दोन नातवं हायेत, त्यायची माय रानात जाते पत्त्याले. गाडी तिले पायजे. मले नको."

"आजी, लोक समोर होते म्हणून तर नाही ना म्हणालात?"

"तू मले खोटं ठरवाले आली का?" म्हातारीचे डोळे बारीक झाले. "आयुष्यभर कोणी इचारलं नाही मले काही. एकदा इचारलं, मी उत्तर देलं. ते जर तू खोडशील, त मंग इचारलं कायले होतं?"

तेवीसपैकी अकरा जणांनी होकार मागे घेतला. आठ जणांनी कायम ठेवला. चार जण नुसते बसून राहिले, त्यातल्या एका आजोबांनी तिला चहा विचारला.

परतताना स्कूटरवर दमट वारा तोंडावर फडक्यासारखा बसत होता. वर्गात तिसरा चौकोन ती नेहमी शेवटच्या दहा मिनिटांत उरकायची, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. आता तिला वाटलं, की कोरंबीच्या देवळापाशी सगळे त्याच चौकोनात बसले होते. आधी लेकरांना द्या, असं म्हणणारं माणूस व्हायला चंद्रकलाबाईंनी एकाहत्तर वर्षं लावली होती. असं म्हणणाऱ्या माणसाला जगानं उलट म्हणायचं असतं, "नाही आजी, तुम्ही आधी." पाहुणाही पहिल्या आग्रहाला ताट घेत नाही. यंत्राला हा दुसरा आग्रह ठाऊक नव्हता. त्याला पहिल्याच वाक्याला ताट उचलून न्यायला शुभदानं शिकवलं होतं.

पण यमुनाबाईंचं काय? आणि त्या नऊ जणांचं?

अकरा आणि आठ. असल्या आकड्यांनी काही सुटत नाही, हे तिला कळत होतं. तरी ती मनातल्या मनात ते फिरवत राहिली. नोंद ठेवली, तर अकरा जणांचं न दिलेलं घेतलं जाणार होतं. रद्द केली, तर आठ जणांचं दिलेलं परत त्यांच्या पदरात टाकलं जाणार होतं. त्यांचा अपमान होणार होता, पण चोरी होणार नव्हती. एवढा एकच फरक तिला सापडला. नऊ माणसांसमोर तो फार बारीक होता. दुसरा काही सापडेना.

गुरुवारी सकाळी तहसीलात जाऊन तिनं लिहून दिलं : 'ही नोंद मी चुकीच्या पद्धतीने घेतली. तिच्यातील संमती ही संमती नाही.' खाली सही केली. निखिलनं कागद घेतला, तिच्याकडे न बघता.

"रेडिओवर सांगशील का, ज्यांना खरंच सोडायचंय त्यांनी पट्ट्यावर स्वतः नकार दाबायचा म्हणून?" तिनं विचारलं.

"सांगतो. शुद्धीत असले तर दाबतील."

*

लाट शुक्रवारी आली. ओल्या फडक्याचा थर्मामीटर दुपारी बत्तीस पूर्णांक चारवर गेला आणि तिथेच थांबला. झाडाचं पान हलत नव्हतं. शुभदा तहसीलात निखिलच्या मागे खुर्ची टाकून बसली. तिला तिथे काही काम नव्हतं. तो तिला जा म्हणाला नाही.

शनिवारी एक वाजून चाळीस मिनिटांनी दोन मागण्या आल्या, चार मिनिटांच्या अंतरानं. दोन गाड्या आधीच गुंतलेल्या होत्या. एक मागणी गावातून, वय सत्तर. दुसरी तेंदूपत्ता जिथे गोळा करतात त्या रानातल्या फडीवरून, वय सव्वीस. सत्तरच्या माणसाचा ताप लवकर लक्षात आला होता. गाडी पोचली तर तो जवळजवळ नक्की वाचणार होता. सव्वीसची बाई रानात किती वेळ पडली होती कुणालाच माहीत नव्हतं; वाचण्याची शक्यता निम्मी. जीव एकच धरला, तर उत्तर सरळ होतं. गाडी गावाकडे गेली.

सत्तरचा माणूस वाचला. बाईचं नाव प्रतीक्षा कोवे होतं. तिला ट्रॅक्टरवर घालून आणलं, रस्त्यातच गेली.

"जुन्या नोंदीनं..." निखिलनं सुरुवात केली आणि थांबला.

"म्हण."

"जुन्या नोंदीनं हिच्याकडे गेली असती."

शुभदानं प्रतीक्षाच्या गावाचं नाव विचारून घेतलं.

लाट ओसरल्यावर, मंगळवारी सकाळी, ती कोव्यांच्या घरी गेली. ओसरीत प्रतीक्षाचा नवरा बसला होता, तिशीच्या आतला, दाढी वाढलेली. दोनेक वर्षांची मुलगी त्याच्या मांडीवर झोपली होती. आतल्या बाईनं न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"सरकारकडून आल्या का?" त्यानं विचारलं.

"नाही. मी कॉलेजात शिकवते. शुभदा वैरागडे." ती खाली सतरंजीवर बसली. येताना तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आता बोलण्याजोगं वाटेना. "गाडी का आली नाही, ते सांगायला आले. यंत्र बिघडलं नव्हतं. त्याच वेळी दुसरीकडे एक सत्तर वर्षांचे गृहस्थ होते. आधीचा नियम असता, तर गाडी तुमच्याकडे आली असती. तो नियम मी काढायला लावला. गुरुवारी. माझ्या सहीनं."

त्यानं मान वर केली.

"काहून काढला?"

"तो म्हाताऱ्यांना नीट न विचारता केलेला होता. मीच केला होता."

"म्हणजे बरोबर केलं तुमी?"

"बरोबर आहे असं वाटलं म्हणून केलं. तुमच्यासमोर बसून तसं म्हणवत नाही."

त्यानं मुलीच्या कपाळावरचे केस बाजूला केले. घाम आलेला होता, तो सदऱ्याच्या टोकानं टिपला. ओरडेल, हाकलून देईल, यातल्या कशाचीही तिनं तयारी ठेवली होती.

"तो म्हातारा वाचला का?"

"हो."

"चांगला आहे?"

"काल घरी सोडलं."

शुभदानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग त्याच्या मनात पुढचा प्रश्न तयार होताना तिला दिसला. तिला त्या म्हाताऱ्याचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं. विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हेही तिनं वाटेत ठरवलं होतं.

"त्याचं नाव सांगू नका मले," तो म्हणाला. "इचारलं तरी सांगू नका. मले याच भागात रोज फिराचं हाय."